कचऱ्यासाठी शिवलेली पिशवी

मास्तरांच्या घरात औषधं मरत नसत. माणसं मेली, मांजर मेलं, भिंतीवरचं घड्याळ दोनदा मरून पुन्हा जिवंत झालं. पण औषध एकदा उंबऱ्याच्या आत आलं की ते अमर. तळाशी डिंकासारखं घट्ट झालेलं खोकल्याचं औषध, बारा वर्षांपूर्वी पाठ धरली होती तेव्हाचं मलम, कुणाच्या तरी कानाचे थेंब, सगळं एका पत्र्याच्या डब्यात सुखाने नांदत होतं. डबा मुळात बटणांचा. मास्तर शिंपी होते. दुकान बंद झालं, बटणं सरली, त्यांच्या जागी गोळ्या आल्या, आणि मास्तरांना त्यात फारसा फरक जाणवला नाही. दोन्ही गोल, दोन्ही सांडल्या की पलंगाखाली पळणार, आणि नेमकी हवी असलेली कधीच सापडणार नाही.

गोळ्यांचं नवं पाकीट घरात आलं की मास्तर आधी कात्री काढत. एकदा पाकिटाच्या टोकाने त्यांच्या शर्टाच्या खिशाला भोक पाडलं होतं आणि तो अपमान ते विसरले नव्हते. तेव्हापासून प्रत्येक गोळी सुटी कापायची, चारी कोपरे गोल करायचे आणि मगच डब्यात टाकायची, असा नेम. पाकिटावरचं नाव आणि काठावरची तारीख कात्रणात जाई, कात्रण केरात जाई. उरे ती चंदेरी कागदातली गुळगुळीत गोळी, तान्ह्या बाळाच्या नखासारखी, कुणाला न बोचणारी.

"नाव कशाला पाहिजे?" मास्तर म्हणत. "रंग बघावा. गुलाबी चपटी कंबरेची. पांढरी मोठी तापाची. पांढरी लहान साखरेची."

"आणि पिवळी?" बायको विचारी.

"पिवळी पण चांगली आहे."

इमारतीतली निम्मी माणसं मास्तरांकडून गोळी घेऊन जात. मास्तर आजाऱ्याकडे बघत तेही माप घेतल्यासारखं. आधी खांदे, मग छाती, मग कंबर, आणि मग डब्यात हात. दुखणं चार दिवसांनी आपल्या पायांनी निघून जाई आणि नाव मास्तरांचं होई. लोक त्यांना अर्धे डॉक्टर म्हणत. उरलेला अर्धा कोण ते विचारू नका, असं बायको म्हणे.

त्या रविवारी बायकोचंच डोकं दुखायला लागलं. मास्तरांनी पांढरी मोठी दिली. बऱ्याच वेळाने आणखी एक दिली. डोकं जागच्या जागी.

"अहो, गोळी दिलीत की शिवणाचा खडू?" ती कपाळ दाबत म्हणाली. "खडू असता तर निदान कपाळावर एक रेघ तरी उठली असती."

हे नेमकं लेकीने ऐकलं. लेक वीस वर्षं औषधांच्या दुकानात कामाला होती आणि रविवारी आईबापांकडे येई ती जरा पाठ टेकायला. तिने डबा उघडला, आत पाहिलं, आणि धुण्याचा ढीग पाहून बाई बसते तशी खाली बसली.

"बाबा, तारीख कुठाय?"

"कशावरची?"

"कशावरचीही."

"कापली."

"आणि नाव?"

"तेही त्याच बाजूला असतं."

"मग ही गोळी कशाची आणि कधीची, हे तुम्हाला कळतं कसं?"

"पोरी, चांगल्या कापडाचा कोट तीस वर्षं टिकतो. ही तर डब्यात बसून आहे, ना ऊन ना वारा. हिला काय होतंय?"

"कोटाला कसर लागली की भोक दिसतं, बाबा. गोळीला लागली तर दिसत नाही. वरून तशीच, आतून गेलेली."

"तुझ्या बापासारखी," आई म्हणाली.

लेकीने डबा चादरीवर उपडा केला. तीनशेच्या वर गोळ्या निघाल्या, दोन शर्टाची बटणंही निघाली, आणि मास्तरांनी ती बटणं घाईने खिशात घातली. मग लेकीने एक लहान पांढरी उचलली आणि तिचा आवाज बदलला. "या आईच्या साखरेच्या ना? डॉक्टरांनी बंद केलेल्या?"

त्याच होत्या. गेल्या वर्षी त्या गोळ्यांनी बायकोची साखर इतकी उतरली होती की ती स्वयंपाकघरात घामाघूम होऊन बसली आणि ज्याच्याशी सत्तेचाळीस वर्षं संसार केला त्या नवऱ्याला तिने अदबीने विचारलं, "भाऊसाहेब, आपण कोण?" आता बायको ती गोष्ट हसत सांगे. त्या दिवशी कुणी हसलं नव्हतं.

"ज्याला साखरेचा आजार नाही, त्याने या दोनचार घेतल्या तर तो उठायचा नाही," लेक म्हणाली. "हे सगळं घरातून गेलं पाहिजे. जुनी औषधं परत घ्यायची पेटी असते, ती आमच्या दुकानात अजून आलेली नाही, मागून मागून माझी जीभ झिजली. तोवर घरीच करा. नीट ऐका. कुटायच्या नाहीत. मोरीत ओतायचं नाही. गोळ्या कागदातून काढायच्या, चहाचा चोथा, माती, सालं, जे घाण असेल त्यात कालवायच्या, घट्ट बांधायचं आणि मग कचऱ्यात. बघणाऱ्याला हात लावावासा वाटता कामा नये."

"बरं," मास्तर म्हणाले. त्यांचं 'बरं' म्हणजे काय, ते लेकीला ठाऊक होतं. पण बस चुकत होती.

ती गेल्यावर मास्तर डब्याकडे बघत बसले. गोळ्या टाकायच्या, हे त्यांनी मनात कबूल केलं होतं. लेक खोटं बोलत नाही, आणि बायकोचं डोकं अजून दुखत होतं. अडत होतं ते वेगळंच. कचरा आपण टाकतो म्हणजे तो हवेत जात नाही. सकाळी घंटा वाजवत हातगाडी ढकलत एक बाई येते, तिला अख्खी गल्ली घंटावाली म्हणते, आणि आपण टाकलेलं तिच्या हातातून जातं. तिच्या हातात चोथा, माती आणि सडकी सालं कालवून द्यायची? पंचावन्न वर्षांत मास्तरांनी गिऱ्हाइकाला पँट कधी इस्त्रीवाचून दिली नव्हती. उसवलेला जुना सदरा परत करायचा तरी तो घडी घालून.

संध्याकाळी मशीन चालू झालं.

"काय शिवताय?" बायकोने पडल्या पडल्या विचारलं.

"काही नाही. पिशवी."

"कशाला?"

"त्या गोळ्यांना."

ती उठून बसली. निळ्या कोटाचं उरलेलं कापड होतं, जाडजूड, त्याची वीतभर पिशवी झाली होती. आत पांढरं अस्तर. अस्तराला चार कप्पे, कारण गुलाबी आणि पांढऱ्या एकत्र गेल्या असत्या तर मास्तरांना झोप लागली नसती. तोंडाला बंद आणि एक बटण, त्या दिवशी डब्यातून निघालेल्यांपैकी. आणि हात चालूच होता म्हणून आतल्या बाजूला दुकानाचं लेबलही लागलं. अशी लेबलं अजून दीडशे शिल्लक होती.

"कचऱ्याला कोट शिवलात," बायको म्हणाली.

"कोट नाही. अस्तर आहे, इतकंच."

"पोरीने काय सांगितलं होतं?"

"पोरगी दुकानात शिकली. मीही दुकानातच शिकलो." हे बोलून झाल्यावर त्याचा अर्थ काय झाला, ते त्यांनाही कळलं नाही, पण बायकोचं डोकं दुखत होतं म्हणून वाद तिथेच मिटला.

सकाळी मास्तरांनी पिशवी कचऱ्याच्या डब्यात ठेवायला नेली. आत रात्रीची ओली सालं होती. निळ्या कापडाला डाग पडला असता. त्यांनी झाकण लावलं आणि पिशवी झाकणावर ठेवली, बटण वर करून. आठाच्या सुमाराला घंटा वाजली आणि गेली.

दहाला लेकीचा फोन आला. बायकोने फोन मोठ्या आवाजावर ठेवला, कारण तिला ही मजा एकटीने ऐकायची नव्हती.

"बाबा, गोळ्यांचं केलंत का?"

"केलं. टाकल्या."

"कालवल्यात?"

मास्तरांनी खिशात उरलेलं बटण चाचपलं.

"कशात टाकल्यात, बाबा?"

"पिशवीत."

"कसल्या पिशवीत?"

"अस्तर लावलेल्या," बायकोने मागून सांगितलं. "चार कप्पे. बंद. बटण. लेबल."

फोनमधली दुकानाची गडबड मागे पडली, लेक बाजूला गेली असावी. मग लेक हळू आवाजात म्हणाली, "बाबा, तुम्ही शिवलेली वस्तू आजवर कुणी कचऱ्यात टाकलीय का?"

मास्तरांची छाती आधी फुगली. लेकीने बापाच्या कामाचं असं कौतुक कधी केलं नव्हतं. आणि फुगलेली छाती तशीच असताना त्यांना रोजचा एक प्रश्न आठवला. घंटावालीची सासू गुडघ्यांनी अधू होती. घंटावाली रोज विचारी, "मास्तर, गुडघ्याला काही आहे का तुमच्या डब्यात?" आणि मास्तर रोज म्हणत, "बघतो हां." तिने झाकणावर ठेवलेली पिशवी पाहिली असेल, तिला काय वाटलं असेल? मास्तरांनी बघितलं आणि दिलं.

"पांढरी लहान," बायको म्हणाली. ती आता हसत नव्हती. चपला घालत होती.

घंटावालीचं घर पाण्याच्या टाकीच्या मागे, दहा मिनिटांच्या वाटेवर. मास्तरांना वीस लागत. त्या दिवशी ते पुढे आणि बायको मागे, असं सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा झालं. वाटेत एकाने विचारलं, "अर्धे डॉक्टर, पळत कुठे?" मास्तरांनी मान खाली घातली.

हातगाडी दारात उभी होती. घंटावाली चहाला घरी आलेली. आणि उंबऱ्यावर, पाय पसरून, मांडीवर निळी पिशवी घेऊन सासू बसली होती. चारी कप्प्यांतल्या गोळ्या तिने समोरच्या ताटलीत ओतल्या होत्या. हातात पाण्याचा पेला.

"आलात," सासू म्हणाली. "सून म्हणाली मास्तरांनी पाठवली. बसा. पिशवी झकास आहे. बंद तेवढा सैल लावलात."

"गोळी घेतली का?" मास्तरांना धाप लागली होती.

"घेतली की. एक."

"कुठली?"

"रंग आवडला ती. पिवळी."

घंटावाली चहाचा कप घेऊन बाहेर आली आणि सगळ्यांची तोंडं बघून तो तिने खाली ठेवला. बायकोने ताटली उचलून छातीशी धरली. लेकीला फोन लागला.

"पांढरी घेतली नाही ना? बरं. पिवळी कशाची आहे, बाबा?"

मास्तरांनी तोंड उघडलं. पिवळी त्यांनी वरच्या मजल्यावरच्या पेंटरला दिली होती चक्कर येते म्हणून. खालच्या इस्त्रीवाल्याला दिली होती झोप येत नाही म्हणून. त्याच्या बायकोला दिली होती झोप फार येते म्हणून. आणि आज एक म्हातारी ती गिळून त्यांच्याकडे बघत होती, आणि सांगायला त्यांच्याकडे शब्द नव्हता. शब्द सात-आठ वर्षांपूर्वीच्या एका कात्रणावर होता.

"मला माहीत नाही," मास्तर म्हणाले.

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. हे वाक्य तिने त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं; एरवी त्याची चव घ्यायला ती थांबली असती.

"त्यांना घेऊन इकडे बाजारात, दुकानावर या," लेक म्हणाली. "एक पिवळी सोबत आणा. डॉक्टर शेजारीच बसतात. चालवू नका त्यांना."

चालवायचा प्रश्नच नव्हता. सासू दोन वर्षांत उंबऱ्यापलीकडे गेली नव्हती. रिक्षा त्या बोळात शिरत नसे. घंटावालीने एकदा सासूकडे पाहिलं, एकदा हातगाडीकडे पाहिलं, आणि बादलीभर पाणी गाडीवर ओतलं.

"मला त्यात घालणार?" सासू म्हणाली.

"तुम्हीच म्हणत होता ना, मला एकदा बाजार दाखव."

"कचऱ्यातून म्हणाले नव्हते."

पण तिला बसायचं होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. गोणपाट अंथरलं, सासू वर बसली, पिशवी मांडीवर. घंटावाली आणि मास्तर ढकलायला. बायको ताटलीवर पदरासारखा हात धरून बाजूने. गाडी निघाली आणि दांड्याची घंटा आपोआप वाजायला लागली, ती काही केल्या थांबेना.

मास्तरांच्या गल्लीत घंटा ऐकून दारं उघडली. सकाळी ज्यांचा कचरा राहिला होता ते सगळे डबे घेऊन बाहेर. पेंटर जिन्यातून धावत आला आणि गाडीत म्हातारी पाहून डबा हातातच राहिला.

"आज कचरा घेत नाही," सासू त्याला म्हणाली. "आज मी आहे."

"मास्तर, हे काय?" इस्त्रीवाला ओरडून विचारत होता.

मास्तरांना वाटलं, जमीन फाटावी. जमीन काही फाटली नाही, जमीन कधीच वेळेवर फाटत नाही. मग ते ढकलता ढकलता बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "माझ्याकडच्या गोळ्या कुणी घेऊ नका. ज्यांनी नेल्यात त्यांनी परत आणून द्या. मला त्यातलं काही कळत नाही."

"ते आम्हाला माहीत होतं," इस्त्रीवाला म्हणाला. "पण तुम्ही विचारपूस करायचात."

लेक दुकानाच्या पायरीवर उभी होती. तिने पिवळी गोळी कागदातून काढून उजेडात धरली. गोळीवर दोन अक्षरं आणि एक आकडा कोरलेला होता. मास्तरांनी ती गोळी इतकी वर्षं हाताळली, पण कागद सोलून कधी पाहिली नव्हती. लेक आत गेली. कपाटं उघडल्याचा, खोके सरकल्याचा आवाज आला. मास्तर हातगाडीचा दांडा धरून उभे. म्हातारीकडे बघायचं धाडस होत नव्हतं. मग बघितलं, तर ती समोरच्या दुकानातल्या पुतळ्याचा झगा न्याहाळत होती.

"तो खांद्यात चुकलाय, नाही का हो?" ती म्हणाली.

"चुकलाय," मास्तर म्हणाले.

लेक बाहेर आली ती चेहऱ्यावरचा ताण सोडून. "जीवनसत्त्वाची आहे. जुनी, कंपनीने पाच-सहा वर्षांपूर्वीच बंद केलेली. बहुतेक काही होणार नाही. तरी डॉक्टरांनी बसवून ठेवायला सांगितलंय, तासभर बघतील."

मास्तर गाडीच्या काठावरच बसले. गाडी एका बाजूला कलली आणि म्हातारीने त्यांना शिवी दिली. इतकी गोड शिवी त्यांनी आयुष्यात ऐकली नव्हती.

तासाभराने डॉक्टरांनी तिला नाडी बघून सोडलं. ती म्हणाली, गुडघा थोडा मोकळा वाटतोय, तेव्हा पिवळीच पुन्हा द्या. डॉक्टरांनी नकार देऊन गुडघ्याची खरी औषधं लिहिली, आणि लेकीने पाकीट अख्खंच्या अख्खं तिच्या हातात दिलं. "कापायचं नाही. नाव आणि तारीख शेवटपर्यंत राहिली पाहिजे."

"यांना सांग," म्हातारीने मास्तरांकडे बोट केलं. "माझ्याकडे कात्री नाही."

गोळ्यांची ताटली बायकोकडे होती. राहिली पिशवी. मास्तरांनी हात पुढे केला.

"पिशवी माझी," म्हातारी म्हणाली. "कचऱ्यात टाकली होती ना? मग झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांच्या स्वयंपाकघरात काम सुरू झालं. इमारतीतून आणखी सत्तर गोळ्या परत आल्या होत्या; मास्तरांचा धंदा किती जोरात होता ते तेव्हा कळलं. दोघांनी बसून एकेक गोळी कागदातून काढली. चहाचा तीन दिवसांचा चोथा, वाळलेल्या कुंडीतली माती, सालं. वरून खोकल्याचं ते डिंकासारखं औषध, जे बाटलीतून निघायला अर्धा तास लागला. मास्तरांनी सगळं पसरलं, सारखं केलं, आणि कडेने सालं नीट लावली.

"अहो, हे काय करताय?"

"कालवतोय."

"सजवताय. बाजूला व्हा." बायकोने काठी घेतली आणि असं ढवळलं की मास्तरांनी तोंड फिरवलं. "आता बघा. खाल?"

"नाही."

"हात लावाल?"

"नाही गं बाई."

"मग बसलं माप बरोबर."

चुरगळलेली प्लास्टिकची पिशवी, तिच्यावर दुसरी चुरगळलेली, आणि तीन गाठी. गाठी मास्तरांनीच मारल्या, वेड्यावाकड्या, त्यासाठी त्यांना डोळे मिटावे लागले. आठाला घंटा वाजली तेव्हा ते स्वतः खाली गेले.

"हात नको घालूस, दांड्याने उचल," ते म्हणाले. "त्यात ते आहे."

घंटावालीने वास घेतला आणि मान मागे नेली. "शी. मास्तर, हे तुम्ही केलंत?"

"मी केलं."

पंचावन्न वर्षांत पहिल्यांदाच कुणी त्यांच्या कामाला नाक मुरडलं होतं. मास्तरांना हलकं वाटलं. ती गाडी पुढे ढकलायला लागली आणि काहीतरी आठवून थांबली.

"सासूने विचारलंय, बंद कधी घट्ट करून देताय?"

"पाठवून दे," मास्तर म्हणाले. "रिकामी करून पाठव."